आभा नंबर आणि रिपोर्टची जोडणी: सोलापुरात वापरून बघितल्यावर सांगते

सुरुवातीलाच रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. कल्पनेला पाच द्यायला माझी तयारी आहे, दीड स्टार जातो तो दवाखाने आणि लॅबवाले अर्धवट काम करतात म्हणून. जरा लांबलचक होईल पण ज्यांच्या घरात शुगर-बीपीचं माणूस आहे त्यांनी वाचाच.

आधी एक गोंधळ मिटवते कारण सोलापुरात दहा जणांना विचारलं तर त्यातले बरेच जण "आभा कार्ड हाय की आमचं, पाच लाखाचं" असं सांगतात. ते पाच लाखवालं आयुष्मान कार्ड, उपचाराच्या खर्चासाठी असतं, आणि ७० वर्षांवरच्यांना २०२४ पासून वय वंदना कार्ड मिळतंय ते पण त्यातलंच. आभा म्हणजे १४ आकडी हेल्थ नंबर, त्याच्यावर एक रुपयाही मिळत नाही, तो फक्त तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड एका माणसाच्या नावावर जोडायला आहे. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं त्याचा हा भाग, नंबर फुकट निघतो आणि सक्ती नाही. कुणी "हे नसेल तर तपासणार नाही" म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आता आमच्या घरचं. सासूबाईंनी सोलापूरच्या पूर्वभागात आयुष्यभर विड्या वळल्या, शुगर जुनी, मधेच हार्टचा त्रास निघाला, गुडघे तर विचारूच नका. शुगरला एक डॉक्टर, हार्टला दुसरे, गुडघ्याला तिसरे, आणि सगळ्यांची मिळून एक कापडी पिशवी. त्या पिशवीतला पहिला ईसीजी काढला तर कागद कोराच, नुसती कडेला फिकट गुलाबी चौकट राहिलेली. त्या थर्मल कागदावरचं कालांतराने उडतंच, उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तर लवकर उडतं, आणि सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको. हार्टचे डॉक्टर म्हणाले जुना ईसीजी असता तर बदल कळला असता. तो आता कुठून आणायचा? ह्या पिशवीच्या त्रासातूनच मी आभाच्या मागे लागले.

नंबर काढणं सोपं आहे, आधारला जो मोबाईल जोडलाय त्यावर ओटीपी येतो, झालं. आभाला जोडणारी ॲप बरीच आहेत, सरकारी पण आणि खासगी पण, मी वापरते ते कुठलं ते सांगत नाही कारण मुद्दा ॲपचा नाहीच. काउंटरवर क्यूआर असेल तर स्कॅन करून नाव, वय, पत्ता आपोआप जातं आणि टोकन येतं, तेवढं खरंच मस्त, कारण सासूबाईंचं आडनाव तेलुगू आहे आणि प्रत्येक काउंटरवर त्याचं वेगळं स्पेलिंग होतं.

आता खरा उपयोग कुठे झाला ते सांगते. आम्ही जिथे रक्त देतो ती लॅब नेमकी जोडलेली निघाली, म्हणून मागचे क्रिएटिनिनचे, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट ॲपमध्ये ओळीने दिसायला लागले. अँजिओग्राफी करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी परवानगी मागितली, म्हणजे माझ्या फोनवर विनंती आली, कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे रिपोर्ट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि ही परवानगी कधी संपणार. मी फक्त लॅबचे रिपोर्ट टिक केले, बाकीचे नाही, आणि मुदत कमी करून ओके केलं. डॉक्टरांनी आकडे बघितले आणि शेवटच्या रिपोर्टवर न थांबता पहिल्यापासून बघत आले, हळूहळू चढत होतं. एकेक कागद सुटा बघितला तर प्रत्येक वेळी "थोडं जास्त आहे" एवढंच वाटलं असतं. त्यांनी लगेच विचारलं, "मावशी, गुडघ्यासाठी काय घेता तुम्ही?" तर मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलरच्या गोळ्या, चिठ्ठीविना, रोज. अँजिओग्राफीत जो डाय देतात तो किडनीवरून जातो त्यामुळे ही गोष्ट आधी कळणं फार महत्त्वाचं होतं. गोळ्या बंद झाल्या, सलाईनची तयारी ठेवून मग तपासणी झाली. गुडघ्याच्या डॉक्टरांना किडनीचे आकडे माहीत नव्हते आणि हार्टच्या डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळ्या, कुणाचीच चूक म्हणता येत नाही, माहिती तुटक होती.

आता दीड स्टार कुठे गेला.

एका खासगी हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही, आभा नंबर मागितला, घेतला, फॉर्मवर लिहिला, आणि डिस्चार्ज कार्ड मात्र कागदावरच दिलं. ॲपमध्ये काहीच आलं नाही. विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरला तसलं ऑप्शनच नाही ओ." नंतर माहिती काढली तेव्हा कळलं की सॉफ्टवेअर जोडायचे तीन टप्पे असतात: पहिल्यात आभा नंबर काढणं आणि तपासणं, दुसऱ्यात आपल्याकडचे रिपोर्ट पेशंटला जोडून देणं, तिसऱ्यात परवानगी घेऊन दुसरीकडचे रिपोर्ट बघणं. म्हणजे पहिला टप्पा करून सुद्धा बोर्ड लावता येतो, "आभा सुविधा उपलब्ध". पेशंटला उपयोग दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होतो आणि तिथेच गाडी अडते. रिपोर्ट जोडणाऱ्यांना सरकारने २०२३ मध्ये प्रोत्साहन रक्कम पण सुरू केली, तरी हे असं.

दुसरं म्हणजे शिबिरं. आमच्या गल्लीत शिबिरात भराभर आभा काढून दिले, आणि शेजारच्या आजींच्या नंबरला मोबाईल कुणाचा, तर तिथे उभ्या असलेल्या भलत्याच माणसाचा. परवानगीचा मेसेज त्या माणसाला जाणार. हा प्रकार चालवून घेण्यासारखा नाही, आख्खी व्यवस्था परवानगीवर उभी आहे आणि परवानगी देणाराच वेगळा असेल तर काय अर्थ राहिला. शिबिर घेणाऱ्यांनी नंबर किती काढले ते मोजण्यापेक्षा हे तपासावं. भाषेचं पण बघा, पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि परवानगीचा मजकूर शिकलेल्यांना सुद्धा दोनदा वाचावा लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लिहायला बसले ती. घरच्या पिशवीच्या पलीकडे ह्याचा एक मोठा उपयोग आहे, संशोधनाचा, आणि लोक म्हणतात "ते परदेशात होतं, आपल्याकडे कुठलं". अहो आपल्या जिल्ह्यात झालंय! बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलशी जोडलेली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यातली ३४६ गावं. खेड्यात तपासणी नाही, पॅथॉलॉजी नाही, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरायची, लोकांशी बोलायची, लक्षणं सांगायची, संशयित पेशंटला बार्शीला आणायची. ह्या नुसत्या बोलण्याने आणि नोंदीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या स्टेजला दवाखान्यात यायला लागल्या, आणि हे सिद्ध करता आलं कारण नोंद होती.

त्याच अनुभवावर पुढे शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच मोठा अभ्यास झाला, टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट करून कुठे एचपीव्ही टेस्ट (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची तपासणी), कुठे पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासणं), कुठे व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि एका गटात नेहमीसारखंच, वेगळी तपासणी नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टच्या गटात ह्या कॅन्सरने ३४ मृत्यू आणि तपासणी नसलेल्या गटात ६४, दोन्हीकडे बायकांची संख्या साधारण तीस-पस्तीस हजार. आता विचार करा, आठ वर्षांनी कुठल्या गावातली कुठली बाई कॅन्सरने गेली हे कळलं कसं? कुणीतरी एक यादी दुसऱ्या यादीशी जुळवली म्हणून. तपासणीची यादी, कॅन्सरची नोंद, मृत्यूची नोंद, तिन्ही एका बाईच्या नावावर. ह्यालाच डेटा लिंकिंग म्हणतात. तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल नंतर आक्षेप घेतले गेले, आणि मला ते आक्षेप रास्त वाटतात, त्या बायका आपल्याच भागातल्या होत्या. म्हणूनच परवानगी आणि पेशंटचा फायदा हे दोन विषय मी सोडत नाही.

आणि जुळवणं किती कटकटीचं असतं ते आपल्याकडे जन्मतारखांवरून बघा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकून दिलेली पिढी आहे आपली, एका गावात एका नावाच्या चार बायका, चौघींचा वाढदिवस १ जून, आडनाव सारखं, मोबाईल घरातल्या एकाच पोराचा. नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल एवढ्यावर रेकॉर्ड शोधायचं म्हटलं तर एकीचा कॅन्सर दुसरीच्या नावावर जाईल, उपचारातही घोळ आणि अभ्यासातही घोळ. एकच पक्का नंबर हवा तो ह्यासाठी. डेन्मार्कने १९६८ पासून प्रत्येकाला असा नंबर दिलाय, त्यामुळे तिथे २००२ मध्ये ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी जोडून बघता आल्या आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीने ऑटिझम म्हणजे स्वमग्नता होते ही भीती खरी नाही हे दाखवता आलं. लोकसंख्या मुंबईपेक्षा कमी असलेला देश, पण त्याच्या ह्या एका जोडणीचा फायदा आपल्या पोरांना पण झाला, कारण तसल्या अफवा आपल्या व्हॉट्सॲपवर पण फिरतात.

इंग्लंडचं उदाहरण दोन्ही बाजूंनी घेण्यासारखं आहे. तिथे डॉक्टरांकडचे रेकॉर्ड एकत्र करायची एक सरकारी योजना होती, केअर डॉट डेटा, लोकांना नीट सांगितलं नाही, माहिती कुणाला जाणार ह्याबद्दल विश्वास उडाला आणि २०१६ मध्ये ती बंद करावी लागली. मग २०२० मध्ये कोविडच्या काळात ओपनसेफली नावाची पद्धत आली, त्यात संशोधकाला रेकॉर्ड हातात मिळत नाही, त्याने आपला प्रोग्रॅम पाठवायचा, तो जिथे डेटा आहे तिथेच चालतो आणि फक्त एकत्रित निकाल बाहेर येतो. १ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवरून कोविडमध्ये कुणाला जास्त धोका आहे ते काही आठवड्यांत कळलं, शुगरवाले त्यात होतेच. आपल्याकडे असंच हवं असं माझं ठाम मत आहे. विडी कामगार बायकांची फुफ्फुसं, यंत्रमागाच्या धुरळ्यात काम करणाऱ्यांचा दमा, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं, हे सगळे आपल्या भागाचे प्रश्न आहेत आणि त्यांचे आकडे दहा दवाखान्यांच्या दहा रजिस्टरमध्ये पडून आहेत.

भीती वाटते का? वाटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कितीतरी दिवस हाताने कागदावर कारभार चालला. आभाचं एक बरं आहे की सगळे रेकॉर्ड एका ठिकाणी गोळा होत नाहीत, ज्या त्या दवाखान्यात राहतात आणि परवानगी दिल्यावरच जातात. पण म्हणजे प्रत्येक छोट्या लॅबचा कॉम्प्युटर पण तितकाच सांभाळला गेला पाहिजे, आणि तिथे पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला मी स्वतः बघितलाय. २०२० च्या डिसेंबरमधल्या हेल्थ डेटा धोरणात ओळख काढून टाकलेली, एकत्रित माहिती संशोधनाला देता येईल असं लिहिलंय, चांगलं आहे, पण कुणाला दिली, त्यातून काय निघालं, हे पेशंटला त्याच ॲपमध्ये दिसायला हवं. ते दिसलं तर मी एक स्टार लगेच वाढवेन.

घेणार असाल तर लॅब निवडतानाच विचारा, "रिपोर्ट आभाला लिंक करून देता का?", नुसतं "आभा चालतं का" विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. जुने कागद आपोआप येत नाहीत, फोटो काढून स्वतः टाकावे लागतात, त्यात ईसीजी सगळ्यात आधी काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आभाला कुणाचा मोबाईल आहे तो आजच तपासा. आणि उपचार संपले की ॲपमध्ये जाऊन दिलेली परवानगी काढून घ्या, कॅन्सल करायची सोय त्यात आहे.