कॅम्पिंगमधला क्विल्टिंग क्लास: शिकवणं मस्त, लाईटची बोंब

क्लास चांगला आहे, पण मशीनवर भराभर क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी) शिवून होईल या आशेने जाऊ नका. तंबूबाहेर टेबलं मांडलेली, सगळ्यांना मिळून एकच जनरेटर, आणि कोणी इस्त्री लावली की मशीन बंद. साहजिकच आहे, शिलाई मशीनला 100 वॅटच्या आसपास लागतात आणि इस्त्री एकटीच 1000 च्या वर खाते, मग आयोजकांना हे आधी सुचू नये का?

शिकवणाऱ्या बाई मात्र एक नंबर. कापडाच्या कडेपासून पाव इंचावरची शिलाई सगळीकडे सारखी आली पाहिजे यावर त्या अडूनच बसतात, आधी वाटलं कशाला एवढं, पण चौकोन जोडायला घेतले तेव्हा कळलं, प्रत्येक जोडात दोराभर जरी फरक पडला तरी शेवटच्या ओळीपर्यंत कोपरे पार सरकतात. लाईट गेली की त्या कागदी षटकोन काढायच्या, कापड कागदावर दुमडून टाचायचं आणि कडेकडेने हाताने बारीक टाके घालत जोडायचं, ना मशीन ना इस्त्री. खरं सांगू, कॅम्पिंगला हेच फिट्ट बसतं, मांडीवर घेऊन झाडाखाली बसा.

वरचं कापड, बॅटिंग (मधला मऊ भरावाचा थर), अस्तर असे तीन थर पसरायला मात्र तिथे सपाट जागाच नाही, गवतावर पसरलं तर कॉटन बॅटिंगला काड्या चिकटतात आणि दव पडलं की ओलही धरते. ते काम घरीच करा. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा कटर) आणि कटिंग मॅट स्वतःची न्या, तिथली पाती बोथट आहेत.