श्रोत्यांचे प्रश्न, कूलरची घरघर आणि डायनॅमिक माइक: बरेच महिने वापरल्यावर

डोक्यावर पंखा चालू ठेवून रेकॉर्डिंग करायचं असेल तर कंडेन्सर माइकच्या (बारीकसारीक आवाजही टिपणारा प्रकार) वाटेला जाऊ नका, डायनॅमिक (कमी संवेदनशील प्रकार) घ्या. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण घेताना मी जे रिव्ह्यू पाहिले ते बहुतेक सगळे खोकं उघडल्याच्या दिवशीच केलेले होते. पहिल्या दिवशी कुठलाही माइक चांगलाच वाटतो.

मी आणि माझा मावसभाऊ इंदूरहून व्हिडिओ गेम्सवर मराठी पॉडकास्ट करतो. ऐकणारे पुण्या-नागपूरचे बरेच, थोडे देवास-उज्जैनचे, काही आमच्याच गल्लीतले. महिन्यातला एक भाग फक्त श्रोत्यांच्या प्रश्नांचा असतो आणि माइक बदलला तो त्या भागासाठी. नुसत्या गप्पांच्या भागात आवाज थोडा उन्नीस-बीस असला तरी लोक सांभाळून घेतात, कारण पाचेक मिनिटांत कान सरावतो. प्रश्नांच्या भागात तशी सोय नाही. मी वाचलेला प्रश्न, मध्येच एखाद्याची व्हॉइस नोट, मग आमची उत्तरं, असे वेगवेगळ्या ठिकाणचे आवाज दर दोन मिनिटांनी एकमेकांशेजारी येऊन बसतात. फरक लगेच टोचतो.

ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. या जातीचे तीन-चार माइक बाजारात मिळतात आणि माझे बरेचसे अनुभव सगळ्यांना लागू आहेत. घेताना एवढं बघा: डायनॅमिक असावा, कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज उचलणारा) असावा, यूएसबी आणि एक्सएलआर (व्यावसायिक माइकची तीन पिनांची केबल) दोन्ही जोडण्या असाव्यात आणि माइकलाच हेडफोनचा जॅक असावा. दोन मोठ्या नव्या गेम्सच्या किमतीत येतो. जेल रोडवर आधी चौकशी केली होती, तिथे कॅरिओकेचे आणि कॉलरला लावायचे माइक भरपूर होते, हा नव्हता. शेवटी ऑनलाइन मागवला.

आमची खोली लोकमान्य नगरात, पहिल्या मजल्यावर, खिडकी रस्त्याकडे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावणाऱ्या शहरात राहायचं म्हणजे सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येणार, हे ठरलेलं. गाडी चुकवायची म्हणून रात्री बसायचं, तर शेजारी उशिराच्या कुकरच्या शिट्ट्या. शब-ए-मालवाचं (माळव्यातल्या गार रात्रींचं) कौतुक पुस्तकांत वाचायला बरं आहे, मे महिन्यात रात्री अकरालाही कूलर बंद करून बसून दाखवा. अनंत चतुर्दशीला तर आम्ही सुट्टीच घेतो. त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) आणि आखाडे निघतात आणि ताशापुढे कुठल्याच माइकची मात्रा चालत नाही.

डायनॅमिक माइक पार्श्वभूमीचा आवाज 'गाळतो' असं दुकानदार सांगतात. तसं काही नसतं. आत पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, ते चुंबकापाशी हलतं आणि त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो. त्याला कंडेन्सरसारखा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधून माइकला दिलेली वीज) लागत नाही, पण तो कमी संवेदनशील असतो, त्यामुळे तोंडाजवळ आणावाच लागतो. जवळ आणला की खोलीच्या तुलनेत तोंडाचा आवाज आपसूक मोठा पडतो. म्हणजे करामत माइकची कमी आणि अंतराची जास्त. हाच माइक हातभर लांब ठेवून गेन (माइकचा आवाज वाढवायची पातळी) चढवलात तर कूलर पुन्हा तितकाच ऐकू येईल. दुसरी मदत कार्डिऑइडची. पाठीमागून येणारा आवाज तो सगळ्यांत कमी उचलतो, म्हणून आम्ही कूलर माइकच्या बरोबर पाठीशी येईल असं टेबल फिरवून घेतलं. या फिरवाफिरवीला एक पैसा लागला नाही आणि फरक सगळ्यांत मोठा पडला.

तोंड आणि माइक यांच्यात चार बोटं अंतर ठेवायचं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. एकट्याच्या निवेदनाला ते ठीक आहे. प्रश्नांच्या भागात मात्र त्याने वेगळीच पंचाईत झाली आणि हे कुठल्याही रिव्ह्यूत मला सापडलं नव्हतं. कार्डिऑइड माइकच्या फार जवळ बोललं की आवाजातला खर्ज फुगतो. भावाचा आवाज आधीच जाडा, तो एकदम आकाशवाणीवरून बातम्या दिल्यासारखा येऊ लागला. त्याच्या शेजारी उज्जैनच्या एखाद्या मुलाची व्हॉइस नोट: फोनवर बोललेली, मेसेजिंग अ‍ॅपने दाबून बारीक केलेली, मागे मोटरसायकल. तो बिचारा विहिरीतून बोलतोय आणि आम्ही सिंहासनावरून उत्तर देतोय, असं ऐकू यायचं. प्रश्न विचारणारा लहान आणि उत्तर देणारे मोठे. आम्हाला हे अजिबात नको होतं. आमच्यापेक्षा जास्त तास खेळलेले श्रोते आमच्याकडे ढीगभर आहेत.

मग आम्ही आमचाच आवाज थोडा उतरवला. अंतर वीतभर केलं, ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करून कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) १०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, कापून टाकलं आणि व्हॉइस नोटचा आवाज आमच्या बरोबरीला आणून बसवला. एकूण भाग वजा १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास ठेवतो. अ‍ॅपल पॉडकास्टसाठी तेवढाच सुचवतं आणि इतर ठिकाणीही त्याने अडत नाही. आता दोन्ही आवाज एकाच खोलीतले वाटत नाहीत, पण निदान एकाच मजल्यावरचे वाटतात. महागडा माइक घेतला असता तर ही दरी वाढलीच असती, असं माझं मत आहे. प्रश्नोत्तरांसाठी माइक निवडताना यजमानाचा आवाज किती भारदस्त येतो हे बघणं गौण आहे.

प-फ-भ चा फटका हे वेगळं प्रकरण. गेम्सची नावं कुणी ठेवली कोण जाणे: पबजी, फ्री फायर, फोर्टनाइट, फिफा, पोकेमॉन. सगळी ओठ फाकवून हवा सोडायची. सोबत आलेला फोमचा टोपडा अर्धंच काम करतो. माइक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूने थोडा तिरपा धरला की फटका जवळजवळ जातो.

हेडफोनचा जॅक मी आधी शोभेचा समजत होते, आता तो नसलेला माइक घेणार नाही. आपलाच आवाज मागेपुढे न होता थेट कानात येतो. गेमची गोष्ट रंगली की भाऊ खुर्चीत मागे रेलतो, आवाज पातळ होतो आणि आता ते त्याचं त्यालाच कळतं. मला दर वेळी हातवारे करावे लागत नाहीत.

प्रश्न पूर्वी लिहून यायचे. आम्ही व्हॉइस नोट मागायला लागलो आणि भागाची चवच बदलली. एका काकांनी कॉन्ट्रा या जुन्या गेममध्ये तीस लाइफ मिळवून देणारा बटणांचा कोड पाढ्यासारखा म्हणून पाठवला: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी ए. आणि विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? उत्तर सांगताना मजा आली. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये घरच्या कन्सोलसाठी ग्रेडियस हा गेम तयार करताना तो घातला, कारण तपासणीसाठी खेळताना तो गेम त्यांनाच जड जात होता. कॉन्ट्रामुळे तो जगभर पाठ झाला. काकांचा प्रश्न मी वाचून दाखवला असता तर त्यातला ताल कुठून आला असता?

काही प्रश्न मात्र आवाजात येत नाहीत. आईवडील लिहूनच विचारतात, तेही नाव न घेण्याच्या अटीवर. मुलगा गेम खेळतो म्हणजे पैसे लावतो का, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा झाला तेव्हा तर असे निरोप एकामागून एक आले. रमी अ‍ॅप आणि बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतासाठीची आवृत्ती) एकाच टोपलीत टाकणारे पालक खूप आहेत. त्यात त्यांचाही दोष नाही. पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद, बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये सुरू, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये परत. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काय पैशांमुळे बंद झालं आणि काय चिनी अ‍ॅप्सच्या भानगडीत, हे कसं कळावं? अशा प्रश्नांना आम्ही सावकाश उत्तर देतो, आणि तिथे माइक जवळ घेऊन हळू बोलता येतं हे उपयोगी पडतं. बायका आणि मुलीही बहुतेक लिहूनच पाठवतात. सार्वजनिक ठिकाणी आवाज देऊन पुढे काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे ठाऊक असल्यामुळे त्यांना आम्ही कधी व्हॉइस नोटचा आग्रह केला नाही. ते प्रश्न मी वाचते.

इंदूरच्या नोटा ओळखायला नाव लागत नाही. सुरुवात 'भिया' ने (इंदुरी 'भैया') होते, मग मराठी. आणि विषय एकच: जीटीए सहा हा गेम कधी येणार? पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हापासून हा प्रश्न एकाही महिन्यात चुकलेला नाही. भाऊ आता त्याला उत्तर देत नाही, नुसता सुस्कारा सोडतो. माइक सुस्कारे फार छान पकडतो. त्याहून कामाचा प्रश्न एका विद्यार्थ्याचा होता. स्टीमवर (गेम्सचं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम लॅपटॉपवर चाललाच नाही तर पैसे बुडाले का? नाही बुडाले. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परत मागता येतात. आपल्याकडचं कुणी गेम बनवतं का, हाही येतो आणि तेव्हा पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी' या गेमची आठवण निघतेच.

आता दोन माणसांचा मुद्दा, कारण बहुतेकांची फसगत इथे होते. दोन यूएसबी माइक घेऊन एका लॅपटॉपला लावले की झालं, असं वाटतं. विंडोजवर ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणातून रेकॉर्ड करतं. दोन लॅपटॉपवर वेगवेगळं रेकॉर्ड केलं तर सुरुवातीला टाळी वाजवून जुळवता येतं, पण प्रत्येक यूएसबी माइकचं घड्याळ स्वतःचं असतं आणि तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे सरकतात. एक बोलायच्या आधीच दुसरा हसतो. म्हणूनच एक्सएलआरची जोडणी महत्त्वाची. सुरुवातीला एकच माइक यूएसबीवर चालवला, दोघांनी आलटून पालटून. नंतर दुसरा माइक आणि दोन चॅनेलचा छोटा ऑडिओ इंटरफेस (एक्सएलआर माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) घेतला, तोच जुना माइक एक्सएलआरने त्यात गेला. काही फेकावं लागलं नाही. नुसता यूएसबीचा घेतला असता तर त्या दिवशी तो अडगळीत गेला असता.

तक्रारी आहेतच. सोबतचा तीन पायांचा स्टँड खेळण्यातला आहे, टेबलाला गुडघा लागला की धप्प असा आवाज रेकॉर्ड होतो. आम्ही खाली जुना टॉवेल घडी करून ठेवतो. चालू-बंदचं बटण इतकं कडक आहे की खटका नेहमी भागात ऐकू येतो, म्हणून खोकला आला तर बटणाला हात न लावता मान वळवायची आणि नंतर कापायचं. लॅपटॉप चार्जिंगला लावला की बारीक गुणगुण येते. घराच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग धड नाही, हे तिचं कारण असावं. बॅटरीवर चालवला की गुणगुण जाते. एक्सएलआरवर माइक बराच हळू आहे, इंटरफेसचा गेन जवळजवळ शेवटपर्यंत न्यावा लागतो आणि स्वस्त इंटरफेस असेल तर तिथे सूं सूं सुरू होते. हा दोष खरा आहे आणि घेण्याआधी कुणी सांगत नाही.

चौघं मित्र एका माइकभोवती बसून बोलणार असाल तर हा घेऊ नका, दोघांच्या पलीकडे बसलेला शेजारच्या घरात असल्यासारखा येईल. फक्त खेळता खेळता टीमशी बोलायचं असेल तर हेडसेट पुरे. एक-दोन माणसं, गोंगाटाचं घर आणि महिन्याकाठी बाहेरून येणारे आवाज, असं असेल तर हाच घ्या, आणि उरलेले पैसे दुसऱ्या महागड्या माइकपेक्षा माइक धरून ठेवणाऱ्या, टेबलाला आवळायच्या आर्मवर घाला. आमचा पुढचा खर्च तोच आहे.