चौदा काळे टी-शर्ट आणि 'पाय मोडा'

राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या हौशी ग्रुपचे चौदा टी-शर्ट छापून घेतले. दुकान मेनरोडच्या मागच्या बोळात. नाव देत नाही, मालक भला आहे आणि निम्मी चूक आमचीच. नगाला 280 रुपये. कापड सुती, जाडसर, शिवण सरळ. रंग काळाच हवा होता, नाहीतर ब्लॅकआउटमध्ये सेट हलवणारा प्रेक्षकांना भुतासारखा दिसतो. तीन धुण्यांत रंग गेला नाही. इथवर पैकीच्या पैकी.

आता छपाई. छातीवर देवनागरीत 'ब्रेक अ लेग' सांगितलं होतं. दुकानातल्या मुलानं आपुलकीनं पाठीवर मराठीही छापलं: 'पाय मोडा'. आम्ही गठ्ठा उघडून बघितलाच नाही. प्रयोगाच्या दिवशी परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत मी नारळ घेऊन उभी, आणि समोर पाठीपाठीवर 'पाय मोडा'. आमचे रंगभूषावाले काका ब्रश थांबवून म्हणाले, "कुणाचा गं? माझा गुडघा आधीच गेलाय."

मग पहिली घंटा होईपर्यंत माझं व्याख्यान. 'ब्रेक अ लेग' ही इंग्रजी नाटकवाल्यांची शुभेच्छाच; तिकडे प्रयोगाआधी 'गुड लक' म्हणणं अपशकुनी, म्हणून मुद्दाम वाईट चिंतायचं. जर्मन लोक तर मानही सोडत नाहीत, 'मान आणि पाय मोडो' म्हणतात. रॉबर्ट लिंड या आयरिश लेखकानं 1921 साली असलं बोलणं नोंदवलं ते घोड्यांच्या शर्यतवाल्यांचं; नाटकवाल्यांच्या तोंडी ते छापून आलेलं दिसतं त्यानंतर. लिंकनला 1865 मध्ये गोळी घालून रंगमंचावर उडी मारणाऱ्या नटाचा पाय मोडला, त्यावरून हे आलं असंही सांगतात. गोष्ट झकास, पण मला पटत नाही. खुन्याच्या नावानं शुभेच्छा कोण देईल? आणि मधली पन्नास-साठ वर्षं ती कुणाला आठवली कशी नाही?

"म्हणजे आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तसं," काका म्हणाले. तसं, पण पुरतं तसं नाही. माझ्या हातातला नारळ आम्ही फोडणार नव्हतो, वाढवणार होतो. बांगडी पिचली तरी आई 'वाढवली' म्हणायची. मोडलेल्या गोष्टीलासुद्धा मोडली न म्हणणाऱ्या भाषेत त्या पोरानं धडधाकट माणसांच्या पाठीवर 'मोडा' छापलं होतं! काकांनी सगळ्यांना टी-शर्ट उलटे घालायला लावले. शिवणी बाहेर, तशीच नटराजाची पूजा झाली.

तिसऱ्या धुण्यात माझ्या 'लेग'मधल्या 'ग'चा काना सोलून निघाला. पायच गेला म्हणायचा. दुकानात नेला तर मुलानं फुकट परत प्रेस करून दिला, वर "ताई, मागचं पण काढू का?" विचारलं. ते निघत नाही, डाग राहतो.

साडेतीन तारे. पुढची ऑर्डर इथेच, पाठ कोरी.