कुंभकोणमहून एका दिवसात नवग्रह यात्रा : एक अभिप्राय

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील नवग्रहांची नऊ देवळे एका दिवसात घडवून आणणारी वाहनसेवा कुंभकोणममध्ये अनेक खासगी व्यावसायिक चालवतात, आणि २०२४ पासून तेथून शासकीय परिवहन महामंडळाची खास बसही सुटते. आम्ही माघ महिन्यात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला बरोबर घेऊन, एका छोट्या खासगी व्यावसायिकाच्या टेम्पो ट्रॅव्हलरने ही यात्रा केली. व्यवस्थेबद्दल माझे मत चांगले आहे. यात्रा म्हणून मात्र हा कार्यक्रम अपुरा वाटला, आणि तो का, हे पुढे जाणाऱ्यांना सविस्तर सांगावेसे वाटते.

या सेवेची खरी परीक्षा वेळेची असते. तिकडची बहुतेक देवळे दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात, त्यामुळे सकाळच्या सत्रात पाच-सहा देवळे झाली नाहीत तर उरलेली त्या दिवशी होत नाहीत. आमची गाडी पहाटे साडेपाचला निघाली. तिंगळूर, आलंगुडी, तिरुनागेश्वरम, सूर्यनारकोविल, कंजनूर आणि वैद्येश्वरन कोविल ही सहा देवळे दुपारच्या आत आटोपली. केळीच्या पानावरचे जेवण आणि तासाभराची विश्रांती झाल्यावर तिरुवेंकाडु, कीळपेरुंपळ्ळम आणि शेवटी तिरुनळ्ळारु झाले. चालकाने एकदाही गाडी बेफाम हाकली नाही. तापलेल्या फरसबंदीवर आईचे पाय भाजू नयेत म्हणून सोबतच्या मार्गदर्शकाने प्रत्येक ठिकाणी सावलीच्या बाजूने नेले आणि दिवसभर ‘अम्मा, मेल्ल वांग’ (अम्मा, सावकाश या) असे म्हणत तिचा हात धरला. भाड्यात फक्त प्रवास धरलेला होता; अर्चनेचे तिकीट, तुपाचे दिवे आणि जेवण यांचा खर्च वेगळा, आणि हे आदल्या दिवशीच स्पष्ट सांगितलेले होते.

उणीव आहे ती सांगण्यात. मार्गदर्शकाने प्रत्येक देवळात शिरण्यापूर्वी ग्रह, त्याचा रंग, त्याचे धान्य आणि पीडानिवारणाचा उपाय एवढेच सांगितले. पण सूर्यनारकोविल वगळले तर ही सारी मुळात शिवालये आहेत. त्यांतील सहा तर नायनार संतांनी, म्हणजे तमिळ शिवभक्त संतांनी, तेवारम या शिवस्तुतीच्या पदसंग्रहातून गायलेल्या २७६ स्थळांत मोडतात, आणि भाविक तमिळ माणसाच्या लेखी त्यांचे थोरपण तिथून सुरू होते. आलंगुडीत आपण ज्याला गुरू म्हणून चण्यांची माळ वाहतो, ती मूर्ती दक्षिणामूर्तीची, म्हणजे गुरुरूपातील शिवाची आहे, हे आमच्या गाडीतील कितीतरी जणांना दर्शन घेऊन बाहेर आल्यावरही ठाऊक नव्हते.

तिंगळूरचेच उदाहरण घ्या. चंद्राचे स्थान म्हणून तिथे आम्हाला वीस मिनिटे मिळाली. त्याच गावात अप्पूदी अडिगळ हे नायनार राहत होते. सातव्या शतकातील संत अप्पर, म्हणजेच तिरुनावुक्करसर, यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, तरी आपल्या मुलांना आणि वाटसरूंसाठी घातलेल्या पाणपोईला त्यांनी अप्परांचेच नाव दिले होते. पुढे अप्पर खरोखर घरी आले, तेव्हा जेवणासाठी केळीचे पान कापायला गेलेल्या थोरल्या मुलाला साप चावला, आणि पाहुण्याच्या जेवणात खंड पडू नये म्हणून आईवडिलांनी त्याचा मृत्यू लपवला. अप्परांनी पद गाऊन त्याला उठवले, अशी कथा आहे. आपल्या श्रियाळ-चांगुणेच्या कथेशी जवळचे नाते असलेली सिरुत्तोंडर नायनारांची कथाही याच मुलखातली आहे. मराठी भाविकाला हे सांगायला पाच मिनिटेही लागली नसती, आणि ती वीस मिनिटे भरून निघाली असती.

सूर्यनारकोविलला इतर सर्व ग्रह सूर्याकडे तोंड करून उभे आहेत, तर वैद्येश्वरन कोविलमध्ये नवग्रह एका ओळीत आहेत. हा फरक मार्गदर्शकाने आवर्जून दाखवला, त्याबद्दल त्याचे कौतुक करावे लागेल. परंतु सूर्यनारकोविलच्या आधी जवळच्या तिरुमंगलकुडीतील प्राणनाथेश्वराचे दर्शन घेण्याची परंपरा आहे आणि ते देऊळ कार्यक्रमातच नव्हते. तिरुनागेश्वरमला राहूवर दुधाचा अभिषेक होताना दूध निळसर होते अशी श्रद्धा आहे, आणि त्यासाठीच लांबून लोक येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा अभिषेक नुकताच संपला होता. त्या दिवसाच्या अभिषेकाच्या वेळा पाहून देवळांचा क्रम थोडा मागेपुढे करणे रोज जाणाऱ्या व्यावसायिकाला कठीण नसावे. एका देवळाबाहेर नाडीपट्टी वाचणाऱ्यांच्या, म्हणजे ताडपत्रावरून भविष्य सांगणाऱ्यांच्या, माणसांनी आईला गाठून घाबरवले, तेव्हा मार्गदर्शक बाजूला उभा राहिला, ही गोष्ट मला खटकली.

तिरुनळ्ळारुला आम्ही संध्याकाळी पोहोचलो. हे क्षेत्र कारैकल भागात, म्हणजे पुदुच्चेरीच्या हद्दीत येते. नळराजाची शनिपीडा येथे सुटली म्हणून नळतीर्थात स्नान करतात. शनिपालटासाठी जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा : हे देवस्थान वाक्य पंचांग (जुन्या सूत्रवाक्यांवरून गणित करणारे पारंपरिक पंचांग) मानते, त्यामुळे आपल्या पंचांगातील तारीख तिथे जुळेलच असे नाही. गर्भगृहातील दर्भारण्येश्वर शिवासमोर ओदुवार (देवळात तेवारम गाणारे गायक) पद गात होते आणि त्या सबंध दिवसात माझे मन प्रथमच पूर्ण स्थिर झाले. मदुराईला जैनांशी झालेल्या वादात नायनार संत ज्ञानसंबंदरांनी अग्नीत टाकलेले आणि न जळलेले ताडपत्र याच तिरुनळ्ळारुच्या पदाचे होते, असे परंपरा सांगते. मी तिथे बसू पाहत होतो, पण गाडी निघायची वेळ झाली होती.

म्हणून माझी सूचना अशी की वय झालेली माणसे बरोबर असतील किंवा देवळात थोडे बसावे अशी इच्छा असेल, तर याच व्यावसायिकांकडून दोन दिवसांसाठी गाडी ठरवावी, पहिल्या दिवशी कुंभकोणमच्या जवळची पाच आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेकडची चार देवळे करावीत, आणि त्या दिवशी शीर्काळीसाठी दोन तास राखून ठेवावेत. संबंदरांचे हे जन्मगाव वैद्येश्वरन कोविलपासून अगदी जवळ असून आमच्या गाडीने ते टाळले होते.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेने शीर्काळीला गेलो. तीन वर्षांचा संबंदर वडील स्नानाला गेले असता ज्या ब्रह्मतीर्थाच्या काठी रडू लागला आणि जिथे पार्वतीने त्याला सोन्याच्या वाटीतून दूध पाजले असे सांगतात, त्या तळ्याच्या पायरीवर आई बसली आणि ती कथा तिने मला पुन्हा सांगायला लावली. तिथून उठायची घाई आम्हाला कोणी केली नाही.