फंड, कलमं की होमस्टे? कोकणात घर ठेवून जग फिरायचं तर

पंचेचाळिशीत नोकरी सोडायची, घर कोकणातच ठेवायचं आणि वर्षातले तीन-चार महिने परदेशात काढायचे, असा बेत असला की साधारण तीन वाटा समोर येतात. म्युच्युअल फंडात पुंजी उभी करून त्यातून खर्च काढत राहणं, वडिलोपार्जित हापूसच्या कलमांवर भिस्त ठेवणं, किंवा घरालगत दोन-तीन खोल्या काढून होमस्टे चालवणं. या तिन्हींची तुलना बहुतेक जण परताव्याच्या टक्क्यांवर करतात आणि तिथेच फसतात. फिरणाऱ्या माणसाने आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मी लिस्बनमध्ये असताना हे पैसे माझ्यावाचून येत राहतील का?

आधी आकडा

उदाहरणादाखल एक जोडपं धरू. घर स्वतःचं, मुलांची शिक्षणं उरकलेली. गावातला घरखर्च महिना ३०,००० म्हणजे वर्षाला ३.६ लाख, आरोग्य विमा, गाडी, घराची डागडुजी मिळून ९० हजार, प्रवासाला ४.५ लाख. एकूण ९ लाख. कौलं परतायची, पंप दुरुस्त करायचा, हे खर्च तुम्ही युरोपात असतानाही थांबत नाहीत, म्हणून घरखर्च बाराही महिन्यांचा धरलाय.

यासाठी किती पुंजी लागेल? सगळीकडे ‘खर्चाच्या २५ पट’ हे उत्तर मिळतं. ते विल्यम बेंगन यांच्या १९९४ च्या अभ्यासावरून आलेलं आहे: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या. पण तो हिशेब अमेरिकेच्या बाजाराचा आणि ३० वर्षांचा होता. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला ४०-४५ वर्षं काढायची आहेत आणि आपल्याकडची महागाई तिथल्यापेक्षा जास्त. म्हणून निदान ३० पट धरा, म्हणजे २.७ कोटी. महागाई ६ टक्के राहिली तर आजचे ९ लाख दहा वर्षांनी १६ लाख आणि वीस वर्षांनी जवळपास २९ लाख होतात. प्रवासाच्या खर्चावर तर रुपयाच्या घसरणीचा भारही पडतो. २०१० मध्ये ४५-४६ रुपयांना असलेला डॉलर २०२५ मध्ये ८५ च्या वर गेला.

याच ३० पटीच्या हिशेबाने कलमांची किंमत कळते. कलमांतून वर्षाला खात्रीचे दीड लाख सुटत असतील, तर पुंजी ४५ लाखांनी कमी चालते. अडचण ‘खात्रीचे’ या शब्दाची आहे.

फंड: सगळ्यांत कंटाळवाणा, म्हणून सगळ्यांत सोयीचा

निफ्टीवर (मोठ्या ५० कंपन्यांच्या निर्देशांकावर) आधारलेल्या इंडेक्स फंडाला ना वानर लागतात ना तुडतुडा. घात होतो तो सुरुवातीच्या वर्षांत. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २०,८०० च्या वर होता, मार्च २००९ मध्ये ८,१६० वर आला. डिसेंबर २००७ ला निवृत्त होऊन दरमहा ठरावीक रक्कम काढणाऱ्याने त्या काळात स्वस्तात जास्त युनिट विकली. पुढे बाजार वर आला तरी विकलेली युनिट परत आली नाहीत. हीच पडझड निवृत्तीनंतर पंधराव्या वर्षी आली असती तर एवढं बिघडलं नसतं.

म्हणून २.७ कोटींचे तीन कप्पे करा. दोन वर्षांचा खर्च, १८ लाख, बचत खातं आणि एक-दोन दिवसांत मोडता येणाऱ्या लिक्विड फंडात. पुढच्या आठ वर्षांचे ७२ लाख मुदत ठेवी आणि कमी मुदतीच्या कर्जरोखे फंडांत. उरलेले १.८ कोटी इक्विटी इंडेक्स फंडात, डायरेक्ट (एजंटाशिवायच्या) प्लॅनमधून. बाजार वर असेल त्या वर्षी तिसऱ्या कप्प्यातून पहिला भरायचा; पडला असेल तर दुसऱ्यातून. पडलेल्या बाजारात इक्विटी विकायची नाही, एवढा एक नियम पाळला तर बाकी सगळं दुय्यम आहे.

मुदत ठेवींबाबत खास कोकणासाठी एक सूचना. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत असतं आणि सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थांना नाही. ‘चेअरमन आपल्या वाडीतले आहेत’ म्हणून पतसंस्थेत निवृत्तीची पुंजी ठेवू नका.

कराचं ओझं लोकांना वाटतं त्यापेक्षा हलकं आहे. वर्षभराहून जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडावर वर्षाला १.२५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त, त्यापुढे १२.५ टक्के. काढलेल्या रकमेतला फक्त नफ्याचा भाग करपात्र असतो, मुद्दल नाही. शिवाय निवासी भारतीयाचं दुसरं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा (२०२५-२६ ला नव्या करप्रणालीत ४ लाख) कमी असेल, तर उरलेली मर्यादा या नफ्याला वापरता येते. नवरा-बायको दोघांच्या नावे पुंजी असेल तर बहुतेक वर्षी कर नगण्य येतो. मात्र नवऱ्याने निवृत्तीच्या आदल्या वर्षी अर्धे पैसे बायकोच्या नावावर टाकले, तर त्यावरचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिसळलं जातं. दोघांची गुंतवणूक आपापल्या कमाईतून, पहिल्यापासून हवी.

कलमं: स्वतः करायची की कराराने द्यायची

स्वतः बाग करायची तर वर्षाचं वेळापत्रक असं आहे. जूनच्या सुरुवातीला खतं: दहा वर्षांवरच्या कलमाला शेणखताबरोबर नत्र दीड किलो, स्फुरद अर्धा किलो, पालाश एक किलो. १५ जुलै ते १५ ऑगस्ट कल्टार, म्हणजे मोहोर आणणारं संजीवक. पाऊस ओसरला की पालवीवर फवारणी. नोव्हेंबरपासून मोहोर, आणि तोही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. तुडतुडे, भुरी, फुलकिडे यांच्यामागे फेब्रुवारीपर्यंत धावायचं. मार्च ते मे काढणी, आढी, पेट्या, वाशीच्या दलालाचे फोन. म्हणजे मोकळीक उरते ती आगोट (पावसाआधीची आवराआवर) आटोपल्यापासून कल्टारपर्यंतच्या सहा-सात आठवड्यांची. नेमका तेव्हाच युरोपात उन्हाळा असतो, हे चांगलं. तिथला तो सर्वांत महाग हंगाम असतो, हे तितकंसं नाही. जपानचा चेरीचा बहर, मार्च-एप्रिल, बागायतदाराने फोटोतच पाहावा.

त्यामुळे फिरणाऱ्यासाठी खरी तुलना फंड आणि कराराने दिलेली बाग यांच्यात आहे. करार दोन तऱ्हेचे: मोहोर पाहून एका हंगामापुरता, किंवा तीन-पाच वर्षांचा. एका हंगामाच्या करारात भाव मोहोरावर ठरतो, आणि घासाघीस करायला हिवाळ्यात तुम्हाला गावात हजर राहावं लागतं. अनेक वर्षांच्या करारात रक्कम कमी पडते, पण वर्ष मोकळं मिळतं.

अनेक वर्षांच्या करारात बिघडतं ते शेवटच्या वर्षी. पुढल्या साली बाग आपली नाही, हे करारदाराला ठाऊक असतं. तो खत टाळतो, बांडगूळ काढत नाही आणि कल्टार मात्र सढळ हाताने घालतो. शिफारस विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली आहे. आठ मीटर पसरलेल्या कलमाला २४ मिली, बुंध्याभोवती समान अंतरावर पाडलेल्या खड्ड्यांतून. दुप्पट घातलं तर त्या वर्षी मोहोर लगडतो, आणि पुढची काही वर्षं पालवी आखूड, गुच्छासारखी येते, फांद्या सुकतात. परतल्यावर तुमच्या हाती दमलेली कलमं येतात. म्हणून करारात पाच गोष्टी लिहून घ्या: कल्टारची मात्रा आणि तारीख, घालताना आपला माणूस हजर, खत कोण घालणार आणि किती, बांडगूळ दरवर्षी काढणं, आणि निम्मी रक्कम मोहोराआधी खात्यावर, उरलेली पहिली पेटी निघण्यापूर्वी. ‘पेट्या गेल्या की देतो’ यावर सही करू नका.

कागदावर हक्क फळांचा द्यायचा, जमिनीचा ताबा नाही, हे स्वच्छ शब्दांत हवं. कूळ कायद्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागण्याची, भीती कोकणात उगाच नाही. ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी ऑनलाइन नोंद) आपल्याच नावाने आपणच करायची. आणि सातबारा सामाईक असेल, मुंबईच्या काकांपासून बडोद्याच्या आत्यापर्यंत बारा नावं असतील, तर आधी वाटप. नाहीतर पैसे हाती आले की हिस्सेदार उगवतात.

हवामानावर आधारित फळपीक विमा जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. भरपाई तुमच्या बागेच्या नुकसानीवर नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ ऐन काढणीत किनाऱ्याजवळून गेलं. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्गने रायगड आणि दापोलीकडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. फळ गेलं तर एक वर्ष जातं, झाड गेलं तर दहा. शिवाय हापूस एक वर्ष भरून येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. म्हणून कराराची रक्कम पुंजीच्या हिशेबात निम्मीच धरावी असं आमचं मत आहे: दीड लाखांचा करार म्हणजे ४५ लाखांची नव्हे, साडेबावीस लाखांची सूट.

होमस्टे: कागदावर सर्वांत गोड

तीन खोल्या, बांधकाम आणि फर्निचर मिळून २८ लाख धरू. भाडं २,०००, तिन्ही खोल्या वर्षात ११० रात्री भरल्या तर ६.६ लाख. त्यातून पोर्टलचं कमिशन ५० हजार, राखणदार महिना १५,००० प्रमाणे १.८ लाख, धुणं-वीज-न्याहारी ९० हजार, रंग आणि दुरुस्ती ६० हजार. उरले २.८ लाख, गुंतवणुकीवर १० टक्के. तेच २८ लाख फंडात ठेवून ३० पटीच्या नियमाने काढले तर वर्षाला ९३ हजारच मिळतात.

मग होमस्टेच का नको? कारण त्या ११० रात्री दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात येतात आणि पाहुणा खोलीसाठी नव्हे, घरच्या माणसांसाठी येतो. सुरमई तव्यावर किती वेळ ठेवायची हे काकूंना कळतं, ठेवलेल्या माणसाला नाही. मालक दोन महिने नसला की आधी जेवण बिघडतं, मग शेरे, मग बुकिंग. राखणदार रोखीने घेतलेल्या रात्री वहीत चढवत नाही. म्हणून यूपीआयची पाटी आपल्याच खात्याची लावा आणि विजेचा मीटर दर महिन्याला ताडून पाहा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत फॉर्म सी हा नोंदणी अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, तेही त्याला शिकवावं लागेल. खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या युनिटचे पत्रे गंजतात, एप्रिल-मेमध्ये विहीर तळ गाठते आणि टँकर नेमका भर हंगामात लागतो. गणपतीत तर खोल्या आपल्याच चाकरमान्यांनी भरतात, त्याचं भाडं कोण मागणार!

राखणदाराच्या जागी सख्खा भाऊ किंवा भावजय असेल आणि नफ्यात त्यांचा निम्मा वाटा असेल, तर हे चालतं. त्याशिवाय होमस्टे ही निवृत्ती नाही, दुसरी नोकरी आहे.

व्हिसाच्या टेबलावर

इथे कलमांवर जगणाऱ्यांची अनपेक्षित अडचण होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेक जण प्राप्तिकराचं विवरणपत्रच भरत नाहीत. युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी बँकेचे उतारे आणि विवरणपत्रं लागतात, आणि नोकरीचं पत्र नसलेल्या माणसाकडे तोच मुख्य पुरावा. कर लागो न लागो, बेत ठरला त्या वर्षापासून आयटीआर-२ हा विवरणपत्राचा नमुना भरून शेतीचं उत्पन्न दाखवत जा. कराराचे पैसे खात्यावरच घ्या; अर्जाच्या आठवड्यात अचानक भरलेली मोठी रोकड संशय वाढवते. सातबारा आणि घरपट्टीची पावती इंग्रजी भाषांतरासह जोडली तर परत येण्याचं कारण दिसतं. फंडावर जगणाऱ्यालाही हे उपयोगी.

शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. इथली आरोग्य पॉलिसी परदेशात सहसा चालत नाही. परदेशी पाठवलेली रक्कम वर्षात १० लाखांपुढे गेली की टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. वर सांगितलेल्या बजेटमध्ये ती वेळ येत नाही.

मग कोणी काय धरावं

कलमं नाहीत आणि गावी भाऊबंद नाहीत, त्यांनी सरळ फंड. ३० पट होईपर्यंत नोकरी. कलमं आहेत त्यांनी फंड पायाला ठेवून बाग तीन वर्षांच्या कराराने द्यावी आणि त्या पैशातून फक्त प्रवास करावा: भरलेल्या सालात स्पेन, रिकाम्या सालात नेपाळ. होमस्टे घरी राहायला आवडणाऱ्यांचा. जमीन विकून फंडात टाकायचा विचार असेल तर ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हा मोठा फायदा. पण सगळी विकू नका, महाराष्ट्रात पुन्हा शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा सातबाऱ्यावरच असतो.

राजीनाम्याआधी बिनपगारी रजा काढून जून-जुलैची एक फेरी करून पाहा. घराची किल्ली कोणाकडे, पन्हळी तुंबल्या तर कोण पाहणार, कल्टारच्या दिवशी बागेत कोण उभं राहणार, हे त्या दोन महिन्यांत कळतं. आणि गणपतीला परतायचं कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी, आपल्याकडच्या सकाळी आठला उघडतं. तेव्हा तुम्ही बहुधा पोर्तुगालमध्ये असाल, तर तिथल्या पहाटे साडेतीनचा गजर लावून ठेवा.