घोडबंदर रोडची घरपोच लॅब: एन्झाइमच्या तपासण्यांना कितपत चालेल?

टोचण्यात हात साफ. पण एन्झाइमचा रिपोर्ट सुईवर थांबत नाही, नमुन्याच्या पुढच्या दोन तासांवर ठरतो, आणि या लॅबचं घोडं तिथंच पेंड खातं.

ट्यूबचा क्रम बरोबर: पिवळी टोपी आधी, जांभळी नंतर. जांभळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) पिवळीत शिरलं तर अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम आणि कॅल्शियम खोटं कमी येतं, पोटॅशियम खोटं जास्त. ट्यूब पाच-सहा वेळा हलकेच उलटी करतात, खळखळवत नाहीत. छान.

गडबड पिशवीत आहे. नमुना घेतल्या घेतल्या थेट बर्फाच्या पॅकला चिकटवतात. खरं तर साध्या तापमानात अर्धा तास उभं ठेवून रक्त गोठू द्यावं, मग लगेच सेंट्रिफ्यूज, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून सीरम (वरचा पातळ भाग) वेगळं करायचं. इथं गुठळीसकट ट्यूब स्कूटरवर, त्यात गायमुखचा ट्रॅफिक! लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एलडीएच हे एन्झाइम आणि पोटॅशियम सीरममध्ये उतरतं, थोडं एएसटी हे लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइमही. आकडा वाढतो, लिव्हर बिचारं ठणठणीत असतं. उलट एलडीएचचे काही प्रकार थंडीतच निकामी होतात. म्हणजे आकडा दोन्हीकडून बिघडतो.

‘हिमोलाइज्ड’ (लाल पेशी फुटलेल्या) असा शेरा मात्र प्रामाणिकपणे छापतात, नमुना पुन्हा फुकट घेतात. सीके या स्नायूंच्या एन्झाइमच्या फॉर्मवर आदल्या दिवसांतला जिम किंवा दंडातलं इंजेक्शन विचारतच नाहीत. दोन्हींनी सीके वाढतं.

एएलटी, जीजीटी या लिव्हरच्या तपासण्या घरी द्या. एलडीएच आणि पोटॅशियमसाठी त्यांच्या सेंटरवरच जा, सेंट्रिफ्यूज तिथंच आहे.