ऑटो हेडलॅम्पचा लाइट सेन्सर: स्कॅनर लावायचा की मल्टिमीटर?

भर दुपारी हेडलाइट पेटलेले राहतात, तेव्हा संशय सेन्सरवर जातो. आधी डॅशबोर्डवरची चटई, देवाची मूर्ती किंवा काचेची फिल्म त्याच्यावर आली नाही ना, ते बघा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटाव्यात.

स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडून त्यांची माहिती वाचणारे यंत्र, घ्यायचा तर बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला संगणक) वाचणारा हवा. स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनापुरतेच. लाइव्ह डेटामध्ये प्रकाशाचा आकडा उघडा, सेन्सर काळ्या फडक्याने झाका, मग टॉर्च मारा. टॉर्च जुन्या फिलॅमेंट बल्बचा असावा, कारण काही सेन्सर इन्फ्रारेडला जास्त दाद देतात आणि पांढऱ्या एलईडीने जेमतेम हलतात. आकडा लगेच बदलतो, दिवे मात्र मुद्दाम उशिरा विझतात. म्हणून दिव्यांवरून निकाल देऊ नका.

आकडा गोठलेला असेल, तर दोष सेन्सरचा की वायरचा हे स्कॅनर सहसा सांगत नाही. तिथे मल्टिमीटर. इग्निशन चालू, डीसी २० व्होल्ट रेंज, प्रोब कनेक्टरच्या मागून. वायरला टोचू नका. साध्या फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की जास्त वीज वाहू देणारा भाग) सेन्सरला मॉड्यूलकडून बहुधा ५ व्होल्ट येतात आणि उजेड पडला की व्होल्टेज उतरते. वायर तुटली तर ते ५ वरच राहते, मॉड्यूलला अंधार वाटतो.

आरशामागच्या रेन-लाइट सेन्सरपुढे मात्र मीटर लंगडा. हा सेन्सर बहुधा लिन बसवर, म्हणजे एका वायरवरून डिजिटल संदेशांत, बोलतो. मीटरने फक्त १२ व्होल्ट पुरवठा आणि अर्थिंग तपासता येते. तिथे स्कॅनरच.